‘दगदग नको’ ते ‘जमतंय’ : रक्तदाब, व्यायाम आणि आत्मविश्वासाचा इतिहास

‘त्यांना बीपी आहे’ हे वाक्य आपल्याकडे रोज कुठे ना कुठे बोललं जातं. तसं पाहिलं तर बीपी प्रत्येकालाच असतं. ज्याला नाही त्याच्याविषयी भूतकाळात बोलावं लागतं. पण बोलीभाषेने ‘हाय’ हा शब्द गाळला आणि मोजमापाचंच नाव आजाराला देऊन टाकलं. या वाक्यामागून येणारी दोन वाक्यंही ठरलेली आहेत. एक डॉक्टरांचं, ‘रोज अर्धा तास चालत जा.’ दुसरं घरच्यांचं, ‘आता फार दगदग करू नका हं.’ पहिलं वाक्य औषधांच्या चिठ्ठीच्या तळाशी राहतं, दुसरं घरात रोज ऐकू येतं. दोन महिन्यांनी चालायचे बूट चपलांच्या स्टँडवर सगळ्यात खालच्या फळीवर जातात आणि त्याला आपण ‘आळस’ म्हणतो.

मला या ‘आळस’ शब्दाबद्दल शंका आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) भारतात 15 वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे 24 टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे 21 टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला होता, किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. यांतल्या बहुतेकांना ‘चाला’ असं कुणी ना कुणी सांगितलेलं असणार. त्यांतले कितीतरी जण आठवडा-दोन आठवडे चाललेही असणार. सुरू करून सोडून देणाऱ्या या सगळ्यांना आळशी ठरवणं सोयीचं आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आहे. एखादी यंत्रणा पुन्हापुन्हा एकाच जागी अडकत असेल तर वापरणाऱ्याला दोष देण्याआधी ती कशी बांधली गेली ते पाहावं, एवढी सवय या कामाने लावली आहे. म्हणून हा इतिहास. रक्तदाबाच्या रुग्णाचा स्वतःच्या शरीरावरचा भरवसा कसा गेला, आणि तो परत मिळवून देण्याचे कोणते प्रयत्न झाले, त्याचा.

आकडा जन्माला येतो

रक्ताला दाब असतो हे पहिल्यांदा मोजून दाखवलं स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने. 1733 साली छापलेल्या पुस्तकात त्याने एका घोडीवरचा प्रयोग नोंदवला आहे. तिला जमिनीवर बांधून, मांडीच्या धमनीत पितळी नळी घालून, ती उंच काचेच्या नळीला जोडली. रक्त 8 फूट 3 इंच वर चढलं. या पद्धतीने माणसाचा दाब मोजणं अर्थातच शक्य नव्हतं, त्यामुळे पुढची दीडशेहून अधिक वर्षं रक्तदाब ही प्रयोगशाळेतलीच गोष्ट राहिली.

1896 साली इटलीत शिपिओने रिव्हा-रोची याने दंडाला गुंडाळायचा फुगणारा पट्टा आणि पाऱ्याची नळी असं सुटसुटीत यंत्र बनवलं. त्यासाठी त्याने चक्क सायकलच्या ट्यूबचं रबर वापरलं होतं. मनगटाची नाडी लागेनाशी झाली की तो आकडा नोंदवायचा, म्हणजे यंत्राला फक्त वरचा आकडा कळत होता. 1905 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह या तरुण शल्यविशारदाने त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकले आणि खालचा आकडाही हाती आला. त्याचा तो निबंध जेमतेम एका पानाचा होता. आज आपल्या दंडाला पट्टा बांधला जातो तो याच दोघांच्या जोडकामाचा वारस.

या शोधाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. तोपर्यंत आजारी कोण, हे मुख्यतः आजारी माणूसच ठरवत असे. दुखतंय, ताप आहे, दम लागतोय, म्हणून तो वैद्याकडे जाई. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. आता ठणठणीत वाटणाऱ्या माणसाला यंत्र सांगू लागलं की तू ठीक नाहीस. या आकड्याला गांभीर्याने घेण्यात अमेरिकेतल्या आयुर्विमा कंपन्या बऱ्याच डॉक्टरांच्या पुढे होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्या ग्राहकाचा दाब मोजू लागल्या, कारण जास्त आकड्याची माणसं लवकर जातात हे त्यांच्या हिशेबाच्या वह्या सांगत होत्या. ‘मला तर काही होत नाही’ या अनुभवाला त्या वहीत रकाना नव्हता.

जपण्याचा काळ

आकडा मिळाला, पण त्याचं करायचं काय याबद्दल पुढची कित्येक वर्षं गोंधळ होता. ज्याचं वेगळं कारण सापडत नाही अशा रक्तदाबाला ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’ असं नाव मिळालं होतं. काही डॉक्टरांनी त्यातला ‘इसेन्शियल’ हा शब्द फारच मनावर घेतला. कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला शरीराला हा दाब गरजेचाच असेल, तर आपण त्यात लुडबूड कशाला करायची, असा तो विचार. पॉल डडली व्हाइट हा अमेरिकन हृदयरोगशास्त्रातला मोठा माणूस. त्यानेही 1931 च्या आपल्या ग्रंथात ही शक्यता मांडली होती.

या विचाराची सगळ्यात प्रसिद्ध शोकांतिका म्हणजे फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च 1944 मध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्याला तपासलं तेव्हा दाब 186/108 होता आणि हृदय थकायला लागलं होतं. त्याचा नेहमीचा डॉक्टर मात्र लोकांना सांगत होता की राष्ट्राध्यक्षांची तब्येत वयाच्या मानाने उत्तम आहे. ब्रुएनच्या हातात होतं ते डिजिटॅलिस, कमी मीठ, कमी सिगरेटी आणि विश्रांती. 12 एप्रिल 1945 रोजी रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. त्या दुपारी त्याचा दाब 300/190 नोंदवला गेला. जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसासाठीही वैद्यकाकडे ‘जपा’ यापलीकडे फारसं काही नव्हतं.

हृदयविकाराचा झटका आलेल्यांना तर सहा-सहा आठवडे अंथरुणात निजवून ठेवायची पद्धत होती. रुग्णाने स्वतःच्या हाताने जेवूही नये, असा काहींचा आग्रह असे. 1952 साली बॉस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवायचं सुचवलं. केवळ खुर्चीत बसवणं, तेही त्या काळात धाडस वाटत होतं. मग सप्टेंबर 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरला झटका आला. त्याच्यावर उपचारांसाठी बोलावलं गेलं ते त्याच पॉल डडली व्हाइटला. स्वतः सायकल चालवणाऱ्या, मैलोन्‌मैल चालणाऱ्या व्हाइटने पत्रकारांना खुलेपणाने माहिती दिली आणि रुग्णाला हळूहळू कामाला लावलं. पुढच्या वर्षी आयझेनहॉवर निवडणूक लढवून जिंकलाही. हृदयाचा रुग्ण म्हणजे संपलेला माणूस, या समजुतीला जगाच्या डोळ्यांदेखत पहिला मोठा तडा गेला.

आपल्या घरांतलं ‘दगदग नको’ हे त्या आधीच्या काळाचं उरलेलं वाक्य आहे. त्यामागे प्रेम आहे, आणि एके काळी वैद्यकाचा पाठिंबाही होता. वैद्यकाने तो कधीच काढून घेतला, पण ही बातमी घराघरांत नीट पोचली नाही.

बसचा जिना

आयझेनहॉवरच्या झटक्याच्या दोन वर्षं आधी, 1953 मध्ये, ‘लॅन्सेट’ने एक अभ्यास छापला होता. लंडनचा जेरी मॉरिस हृदयविकार आणि व्यवसाय यांचा संबंध शोधत होता. त्याला लंडनच्या दुमजली बसमध्ये आयताच प्रयोग सापडला. एकाच बसमध्ये, एकाच थरातले, साधारण सारख्या पगाराचे दोन पुरुष. ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सगळा वेळ बसून. कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. परिवहन खात्यातल्या सुमारे 31,000 पुरुषांच्या नोंदी पाहिल्यावर दिसलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, होतो तो उशिरा होतो, आणि पहिल्याच झटक्यात दगावण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी आहे. मुंबईत बेस्टच्या डबलडेकर 1937 पासून धावत होत्या. त्या अरुंद वळणदार जिन्यावरून वरखाली करणारा खाकी कपड्यांतला कंडक्टर ज्यांना आठवतो, त्यांना हा निष्कर्ष समजून घ्यायला आलेख लागणार नाही.

मॉरिसवर आक्षेपही आले. मुळातच स्थूल माणसं ड्रायव्हर होत असतील तर? त्याने पुढे गणवेशांच्या मापांचा अभ्यास केला. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर कंडक्टरांपेक्षा खरोखरच मोठी होती, अगदी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांपासून. म्हणजे आक्षेपात तथ्य होतं आणि जिना हे एकमेव कारण नव्हतं. तरी पुढच्या दशकांत सरकारी कारकुनांवर, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांवर, हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासांतून दिशा तीच निघाली. मॉरिस स्वतः 99 वर्षं जगला.

मला मात्र त्या कंडक्टरची एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याला व्यायामात सातत्य ठेवण्यासाठी कुठलाही निश्चय करावा लागत नव्हता. ‘आज जमेल का?’ हा प्रश्नच नव्हता. वरच्या मजल्यावर प्रवासी होते आणि तिकिटं फाडायची होती. कष्ट कामातून निघून गेले तेव्हा व्यायाम बागेत, ट्रॅकवर आणि जिममध्ये गेला. तिथे पगार मिळत नाही, कुणी वाट पाहत नाही. तिथे रोज सकाळी माणसाला स्वतःलाच पटवावं लागतं. सातत्य हा प्रश्न म्हणून जन्माला आला तो इथे.

हॅमिल्टनचे कामगार

दरम्यान औषधं आली. 1958 पासून थायझाइड जातीच्या गोळ्यांनी दाब खरोखर उतरू लागला. 1967 आणि 1970 मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून एडवर्ड फ्राइसच्या गटाने दाखवून दिलं की औषधांनी पक्षाघात आणि मृत्यू टळतात. 1972 मध्ये तिथे देशव्यापी रक्तदाब जागृती कार्यक्रम सुरू झाला. सूत्र सरळ होतं: लोकांना शोधा, सांगा, औषध द्या. माणसाला धोका कळला की तो योग्य ते करेल, हे त्यात गृहीतच होतं.

या गृहीतकाची परीक्षा घेतली कॅनडातल्या हॅमिल्टन या पोलादनगरीत. मॅकमास्टर विद्यापीठाचे डेव्हिड सॅकेट आणि ब्रायन हेन्स यांनी पोलाद कारखान्यातल्या रक्तदाबाच्या कामगारांवर एका पाठोपाठ तीन अभ्यास केले आणि तिन्हींनी झोप उडवावी असं काही सांगितलं.

1975 च्या पहिल्या अभ्यासात काही कामगारांना रक्तदाबाबद्दल पद्धतशीर शिकवलं. ते शिकले, परीक्षेत उत्तरंही बरोबर दिली. गोळ्या घेण्यात मात्र न शिकवलेल्यांच्या तुलनेत काहीही फरक पडला नाही. कारखान्यातच डॉक्टर उपलब्ध करून देण्याचाही उपयोग झाला नाही. अज्ञान आणि गैरसोय, ही आपली दोन लाडकी कारणं एका फटक्यात बाद झाली.

1976 च्या दुसऱ्या अभ्यासात त्यांनी गोळ्या न घेणारे आणि दाब आटोक्यात नसलेले 38 जण निवडले. त्यांतल्या निम्म्यांना स्वतःचा दाब घरी मोजायला शिकवलं, तक्ता ठेवायला दिला, गोळीची वेळ दिवसाच्या एखाद्या पक्क्या सवयीला बांधून दिली. दर पंधरवड्याला एक साधी, वैद्यकीय शिक्षण नसलेली व्यक्ती त्यांना भेटून तक्ता पाहायची आणि प्रगती असेल तर कौतुक करायची. या गटाचं गोळ्या घेण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं. आकडा डॉक्टरांच्या वहीतून रुग्णाच्या हातात आला, एवढाच काय तो मूळ बदल.

तिसरा अभ्यास 1978 चा, आणि तो मला सगळ्यात अस्वस्थ करतो. तपासणीत ‘तुम्हाला रक्तदाब आहे’ असं सांगितल्यानंतर या कामगारांचं आजारपणामुळे कामावर न येणं 80 टक्क्यांनी वाढलं. त्याच काळात कारखान्यातल्या इतरांमधली वाढ 9 टक्के होती. औषध सुरू केलं की नाही, दाब उतरला की नाही, याच्याशी या खाड्यांचा संबंध नव्हता. संबंध होता तो आपल्याला आजार आहे हे नव्याने कळण्याशी. शरीर आदल्या दिवशी होतं तेच होतं, फक्त त्याला एक नाव मिळालं होतं.

माझ्या वडिलांना बीपी निघालं तेव्हा आमच्या घरात हेच झालं. गेली वीस वर्षं ते दळणाचा डबा खांद्यावर टाकून तीन जिने चढत होते. निदानानंतरच्या रविवारी आई म्हणाली, ‘अहो, तुम्ही बसा, हा आणेल.’ मी आणलं, दर रविवारी आणत राहिलो. वडिलांनीही मग जिन्यात मध्येच थांबून छातीवर हात ठेवून पाहायला सुरुवात केली. आदल्या रविवारपर्यंत त्यांना तसं कधी करावं लागलं नव्हतं.

साप आणि ट्रेडमिल

हॅमिल्टनमधलं कोडं ज्याच्या भाषेत नीट मांडता आलं तो माणूस रक्तदाबाशी दुरूनही संबंधित नव्हता. अल्बर्ट बांडुरा हा कॅनडातल्या मुंडेर नावाच्या छोट्या गावात 1925 साली जन्मलेला मानसशास्त्रज्ञ, स्टॅनफर्डमध्ये सापांची पराकोटीची भीती असलेल्या लोकांवर काम करत होता. आधी उपचारक साप हाताळायचा, मग रुग्णाला पायरीपायरीने जवळ आणून स्वतः हात लावायला लावायचा. बांडुराच्या लक्षात आलं की पुढे माणूस काय करेल याचा सगळ्यात चांगला अंदाज ‘हे मला जमेल असं मला किती वाटतं’ या एका उत्तरावरून येतो. 1977 मध्ये त्याने हा विचार ‘सेल्फ-एफिकसी’ या नावाने मांडला.

हा शब्द आपल्या ‘आत्मविश्वास’पेक्षा अरुंद आहे, आणि त्यातच त्याचं बळ आहे. सभेत बिनधास्त बोलणारा, ऑफिस गाजवणारा माणूस ‘उद्या पाऊस असला तरी वीस मिनिटं चालणं जमेल का?’ या प्रश्नावर गडबडू शकतो. सेल्फ-एफिकसी म्हणजे एका ठरावीक कामाबद्दलचा, ठरावीक परिस्थितीतला भरवसा. तो चार वाटांनी येतो, असं बांडुरा म्हणाला. स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या कुणाला करताना पाहिल्याने, कुणी पटवून दिल्याने, आणि आपल्या शरीराच्या खुणांचा आपण जो अर्थ लावतो त्याने. पहिली वाट सगळ्यात भक्कम. तिसरी, म्हणजे उपदेश, त्या मानाने बरीच कच्ची. आपल्या आरोग्यजागृतीचा बहुतेक पैसा मात्र तिसरीवर खर्च होतो.

स्टॅनफर्डमध्येच क्रेग युअर्ट, बार टेलर, रॉबर्ट डेबस्क या मंडळींनी हा विचार हृदयरोग्यांकडे नेला. 1983 च्या अभ्यासात झटक्यानंतर तीन आठवड्यांनी 40 पुरुषांची ट्रेडमिल चाचणी घेतली. चाचणीचा हेतू हृदय तपासण्याचा, पण चालून उतरलेल्या माणसाचा चालण्याबद्दलचा, जिना चढण्याबद्दलचा भरवसा वाढलेला दिसला. वजन उचलणं किंवा शरीरसंबंध यांसारख्या वेगळ्या कृतींबद्दलचा भरवसा मात्र डॉक्टर-नर्सनी चाचणीचा अर्थ समजावून सांगितल्यावर वाढला. आणि घरी गेल्यावर कोण किती हालचाल करेल, हे ट्रेडमिलवरच्या कामगिरीपेक्षा या भरवशावरून अधिक चांगलं ओळखता आलं.

त्यांचा 1985 चा पुढचा प्रयोग आपल्या कुटुंबव्यवस्थेसाठीच केल्यासारखा आहे. 30 रुग्ण, सगळे पुरुष, आणि त्यांच्या बायका. दहा जणी चाचणीच्या वेळी बाहेर थांबल्या. दहा जणींनी नवऱ्याला ट्रेडमिलवर चालताना पाहिलं. उरलेल्या दहा जणींनी पाहिलं आणि मग नवऱ्याने गाठलेल्या सर्वांत कठीण पातळीवर स्वतः तीन मिनिटं चालून पाहिलं. पहिल्या दोन गटांतल्या बायकांना नवऱ्याचं हृदय त्याला स्वतःला वाटत होतं त्यापेक्षा बरंच कमकुवत वाटत राहिलं. डोळ्यांनी पाहूनही फारसा फरक पडला नाही. स्वतः चालून दमलेल्या बायकांचं मत मात्र बदललं: याला एवढं जमत असेल, तर त्याला बरंच काही जमेल. पुढच्या काही महिन्यांत नवऱ्यांची तब्येत कशी सुधारते, याच्याशी बायकांच्या या मताचाही संबंध दिसला.

हे रुग्ण झटका येऊन गेलेले होते, नुसत्या रक्तदाबाचे नव्हेत. पण उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर पुढे झालेल्या अनेक अभ्यासांतही भरवसा आणि व्यायामातलं सातत्य हातात हात घालून जाताना दिसतात. आणि ‘अहो, तुम्ही बसा’ या वाक्यात नेमकं काय होतं, ते या प्रयोगाइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळालं नाही.

शरीराच्या खुणा आणि उशिरा येणारं उत्तर

रक्तदाबाच्या बाबतीत बांडुराची चौथी वाट, शरीराच्या खुणांची, खास अवघड आहे. व्यायाम करताना वरचा आकडा वाढतोच, निरोगी माणसाचाही. जड वजन दम कोंडून उचललं तर तो भयंकर वाढतो. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत कसलेल्या व्यायामपटूंचा दाब दोन्ही पायांनी वजन ढकलताना सरासरी 320/250 पर्यंत गेला होता. चालून आल्या आल्या पट्टा बांधणाऱ्याला मोठा आकडा दिसतो, छाती धडधडत असतेच, आणि तो ठरवतो की चालणं आपल्याला मानवत नाही. प्रत्यक्षात बेताच्या व्यायामानंतर पुढचे काही तास दाब नेहमीपेक्षा थोडा खालीच राहतो. ज्याचा दाब फार चढलेला आहे किंवा चालताना छातीत दुखतं, त्याने आधी डॉक्टरांकडेच जावं, आणि चालणं सुरू केलं म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पण बाकीच्या बहुसंख्यांसाठी ती धडधड म्हणजे धोक्याची घंटा नसते.

दुसरी अडचण माझ्या ओळखीची आहे. नियमित चालण्याने रुग्णाचा वरचा आकडा सरासरी 5 ते 8 ने उतरतो, तोही काही आठवड्यांनी. लोकसंख्येच्या हिशेबात हा मोठा फायदा आहे. पण एकाच माणसाचा दाब एका दिवसात झोप, चहा, भांडण, जिना यांमुळे त्याहून अधिक वरखाली होतो. कोड लिहून आठ आठवड्यांनी उत्तर यावं आणि तेही गोंगाटात बुडालेलं असावं, तर कुठलाही इंजिनिअर ते काम सोडून देईल. आपण रुग्णाला नेमकं तेच करायला सांगतो, आणि यशाची खूण म्हणून तोच आकडा समोर ठेवतो.

या अडचणीला एक उत्तर आपल्याच शहरात शोधलं गेलं होतं. 1969 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी 47 रुग्णांवर शवासनाचा प्रयोग करून तो ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात छापला. अनेकांचा दाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. 1973 मध्ये लंडनच्या डॉ. चंद्रा पटेल यांनी 20 रुग्णांना योगातलं शिथिलीकरण शिकवलं, आणि जोडीला असं यंत्र लावलं की शरीर सैलावतंय हे रुग्णाला त्याच क्षणी कळावं. पाच जणांची औषधं पूर्ण थांबली. हे अभ्यास छोटे होते आणि शवासन हे चालण्याला पर्याय ठरत नाही. पण दोन्हींत एक शहाणपण होतं: पहिल्याच दिवशी प्रत्येकाला जमेल अशी कृती. पटेलांच्या प्रयोगात तर आठ आठवडे थांबायलाही लागत नव्हतं, उत्तर लगेच कानावर येत होतं.

दहा हजार

आता प्रत्येक फोनमध्ये दिसणारा 10,000 हा आकडा. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, 1965 मध्ये, जपानमधल्या यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, जिभेवर बसणारा होता. वैद्यकीय उंबरठा म्हणून तो कुठल्या प्रयोगातून निघाला नव्हता. 2019 मध्ये आय-मिन ली यांच्या गटाने सरासरी 72 वर्षं वयाच्या 16,741 अमेरिकन स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास छापला. दिवसाला सुमारे 4,400 पावलं चालणाऱ्या स्त्रियांतही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी होतं, आणि साधारण 7,500 नंतर फायदा वाढेनासा झाला.

बाविशे पावलं चालणाऱ्या माणसाला रोज रात्री ‘अजून 7,800 बाकी’ असं दाखवणं म्हणजे रोज नापास करणं. बांडुरा आणि डेल शंक यांनी 1981 मध्ये गणितात कच्च्या मुलांवर प्रयोग केला होता. ज्यांना रोजचं छोटं, हाताशी असलेलं लक्ष्य दिलं त्यांचा भरवसाही वाढला आणि गणितही सुधारलं. ज्यांच्यापुढे फक्त सगळं पुस्तक संपवण्याचं दूरचं लक्ष्य ठेवलं त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. हे माहीत असूनही आमच्या व्यवसायात सरसकट दहा हजार, सलग दिवसांची माळ, आणि एक दिवस चुकला की माळ शून्यावर, असं डिझाइन सर्रास चालतं. कारण त्यामुळे आधीच चालणारे लोक ॲप उघडत राहतात. न चालणारे ते काढून टाकतात, आणि काढून टाकणारे आमच्या तक्त्यात फार दिवस दिसत नाहीत.

मग आता

नोव्हेंबर 2017 पासून भारतात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक सरकारी उपक्रम सुरू आहे. सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरलेली औषधं, आरोग्य केंद्रात त्यांचा पुरवठा, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि पाठपुरावा, असं त्याचं स्वरूप आहे. हे फार गरजेचं काम आहे, आणि त्यात गोळी मोजण्याची सोय आहे. भरवसा मोजण्याची सोय कुठेच नाही. ती करायला महागडं यंत्र लागत नाही. ‘पुढच्या आठवड्यात पाच दिवस दहा मिनिटं चालणं जमेल याची दहापैकी किती खात्री वाटते?’ हा एक प्रश्न पुरतो. उत्तर तीन आलं तर पाच दिवसांचे तीन करावेत, दहा मिनिटांची सात करावीत, आणि उत्तर आठ येईपर्यंत खाली यावं. तिथून सुरुवात करावी.

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी वेगळा विचारावा लागेल. ‘दिवसभर उभीच तर असते, अजून काय व्यायाम’ हे त्या स्वतःही म्हणतात, आणि सकाळी सात वाजता डबे सोडून बागेत जाण्याची मुभा किती घरांत असते? तिथे ‘जमेल का?’ याचं उत्तर तिच्या पायांत नसतं, घरातल्या इतरांच्या वेळापत्रकात असतं. हॅमिल्टन आणि स्टॅनफर्डचे हे अभ्यास मुख्यतः पुरुष रुग्णांचे. बायका त्यांत आल्या त्या नवऱ्याची काळजी करणाऱ्या म्हणून. त्यांचा स्वतःचा रक्तदाब कुणी विचारला नव्हता.

घरच्यांसाठी या सगळ्या इतिहासातून एक साधं काम निघतं. ज्याला बीपी निघालं आहे त्याच्यासोबत पहिले पंधरा दिवस चालायला जावं, त्याच्या वेगाने. त्याने पिशवी उचलली तर उचलू द्यावी. परत आल्यावर लगेच यंत्र काढू नये. आज कुठल्या खांबापर्यंत गेलो आणि काल कुठून परत फिरलो होतो, एवढं बोलावं. स्टॅनफर्डच्या त्या दहा जणी ट्रेडमिलवर फक्त तीन मिनिटं चालल्या होत्या, आणि तेवढ्यात त्यांची काळजी बरीच हलकी झाली होती.